सासूला बाहेर बसवायची रीत

कलावती रामटेकेला कुणी तिच्याच घराबाहेर बसवेल असं म्हटलं असतं, तर रायपूरजवळच्या बीरगावातल्या त्या गल्लीनं ते हसण्यावारी नेलं असतं. पंचवीस वर्षं या बाईनं दुसऱ्यांच्या सासवा घराबाहेर बसवल्या. गोड बोलून, थापा मारून, वेळ पडली तर जरा दटावूनही. आणि आज मंगळवारी सकाळी सव्वादहाला ती स्वतः आपल्या दारासमोरच्या ओट्यावर बसली होती, आणि आत तिच्या सुनेला एक परकी पोट्टी प्रश्न विचारत होती.

बसली होती आपलं म्हणायचं. खरं तर दर दोन मिनिटांनी ती उठत होती. उठून नळापर्यंत जायची, नळाला पाणी नाही हे तिला ठाऊक होतं तरी तोटी फिरवून पाहायची, परत यायची, ओट्यावर शेजारच्या उरला भागातल्या कारखान्यांची काळी धूळ बसलेली असायची ती पदरानं झटकायची आणि भिंतीला कान लावल्यासारखी टेकायची. ऐकू काही येत नव्हतं. ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घ्यायची, हे त्या पोट्टीला कुणीतरी नीट शिकवलेलं दिसत होतं.

कलावतीचा धंदाच तो होता. देशभर लोकांच्या आरोग्याची पाहणी होते, दर काही वर्षांनी एक फेरी. किती लेकरं झाली, किती जगली, टोचणी झाली का, घरात संडास आहे का, असलं सगळं घरोघरी जाऊन विचारायचं. पहिल्या फेरीत ती गेली तेव्हा अठ्ठ्याण्णव साल होतं, रायपूर अजून मध्य प्रदेशात होतं आणि कलावती पंचवीस वर्षांची होती. खांद्यावरच्या झोळीत कागदी फॉर्मांचा गठ्ठा, पेन्सिली, खोडरबर, आणि मिठावर टाकायच्या औषधाची एक इवलीशी बाटली. मिठात आयोडीन असलं की थेंब टाकताच मीठ निळं व्हायचं. बायका तोंडात बोट घालून बघत, आणि पाहणीपेक्षा ती निळाईच गावभर गाजायची.

तारखा कुणाला ठाऊक असतात? मग कलावती सणांवरून हिशेब लावायची. ‘हरेलीच्या आधी झाला का नंतर? तीजाले माहेरी गेली होती तेव्हा पोट दिसत होतं का?’ असं विचारत विचारत ती लेकराचा महिना पक्का करायची, आणि त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाच वर्षांच्या आतलं लेकरू निघालं की त्याच्यासाठी पानंच्या पानं प्रश्न असत. टीममधले काही शहाणे त्या लेकराला कागदावर वर्षभर मागं ढकलून देत, म्हणजे ते पाचच्या वर जाई, पानं वाचली आणि संध्याकाळची बस मिळाली. कलावतीनं कधी कुणाचं लेकरू मागं ढकललं नाही. हा तिचा अभिमान होता आणि तो ती पाहुण्यारावळ्यांना चहाबरोबर वाढत असे.

पुढच्या फेऱ्यांमध्ये पाहणीच बदलत गेली. नुसतं विचारून भागेना, म्हणून बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेऊ लागले. मग रक्तदाब आला, साखर आली. कागदाच्या जागी छोटा कॉम्प्युटर आला, त्याच्या जागी टॅब आला. टॅब मोठा खडूस. एक प्रश्न चुकवला तर पुढं सरकू देत नाही. तुम्ही कुठं उभे होता आणि किती मिनिटं बोललात ते लिहून ठेवतो, मधूनमधून आवाजही भरून घेतो. निंबाच्या झाडाखाली बसून दहा घरांचे फॉर्म भरणाऱ्यांची त्यानं पार दैना केली. कलावतीला टॅबचा राग नव्हता. टॅबला मात्र कलावती पटली नाही.

या फेरीची भरती बूढापारा भागातल्या एका हॉलमध्ये झाली. तिथं चारुदत्त नावाचा तिशीतला साहेब होता, रायपुरातल्या जुन्या मराठी घरातला, तरी तिच्याशी हिंदीतच बोलत होता. त्यानं तिला टॅबवर नमुन्याचा फॉर्म भरायला दिला. कलावतीचा अंगठा प्रत्येक अक्षरापाशी थबकायचा. साहेब घड्याळ बघत म्हणाला, ‘दीदी, आपका अनुभव तो बहुत बड़ा है.’ माणूस अनुभवाची स्तुती करायला लागला की आपण घरी जायचं असतं, एवढं तिला कळत होतं. शेवटच्या दिवशी तिनं नव्या पोरींना फुकटात दोन तास शिकवलं आणि ती घरी आली. ज्या बायांना प्रश्न विचारायचे त्यांचं वय पंधरा ते एकोणपन्नास, त्या वयातूनही ती दोन वर्षांपूर्वी बाहेर पडली होती. म्हणजे विचारणाऱ्यांत नाही आणि विचारायच्यांतही नाही.

आणि नेमकं तिचंच घर कॉम्प्युटरनं उचललं. पंधरा दिवसांपूर्वी दोघं जण गल्लीतली घरं मोजून दारांवर खडूनं नंबर टाकून गेले, तेव्हा ती नवऱ्याला, तुळशीरामला, म्हणाली होती, ‘आपला नंबर लागते का पाहा.’ तुळशीराम रोलिंग मिलमधून थकून आला होता. तो म्हणाला, ‘लागू दे. तुले बोलाले मिळंल.’

तर आज सकाळी राधिका साहू नावाची ती पोट्टी आली. पाठीवर सॅक, गळ्यात ओळखपत्र, पायात धुळीनं माखलेले सँडल. बोलणं हिंदीत, पण मराठी तिला समजत होती. तुळशीराम पाळीवर, मुलगा यशदीप रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कामावर. घराचा फॉर्म घरातल्या मोठ्या माणसानं सांगायचा, म्हणून कलावती पुढ्यात बसली. तिला असा काही हुरूप आला, की प्रश्न पुरा व्हायच्या आत ती उत्तर द्यायला लागली. पाणी कुठलं, चूल कुठली, घरात पंखे किती. राधिका हसली, ‘माताजी, आपको तो सब याद है.’

मग तो प्रश्न आला. तो येणार हे कलावतीला ठाऊक होतं; तो कुठल्या प्रश्नानंतर येतो हेही ठाऊक होतं. दोन हजार वीसच्या जानेवारीपासून या घरात कुणाचा मृत्यू झाला आहे का?

‘नाही,’ कलावती म्हणाली.

राधिका लगेच पुढं गेली नाही. तिनं मान वर केली आणि हळू आवाजात विचारलं, ‘कोई छोटा बच्चा भी नहीं? एक-दो दिन का भी?’

‘नाही ना.’

आतल्या दारातून स्वयंपाकघर दिसत होतं. तिथं सून अपर्णा तांदूळ निवडत उभी होती. तिचा हात सुपात थांबला, मग पुन्हा चालू लागला. राधिकानं टॅबवर बोट टेकवलं आणि पुढचा प्रश्न आला.

पण मृत्यू झाला होता. एकवीस साली, पोळ्याच्या आठवड्यात, अपर्णाला मुलगी झाली होती. वजन कमी, श्वासाला त्रास. दवाखान्यातच होती ती, काचेच्या पेटीत, आणि नवव्या दिवशी गेली. बाराव्या दिवशी नाव ठेवायचं होतं. कलावतीनं गोल बाजारातून दोन झबली आणून ठेवली होती, ती तिनं त्याच दिवशी शेजारच्या सत्यभामाच्या नातीला देऊन टाकली. आणि संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, ‘आता या घरात याचा शब्द नको. अपर्णा लहान हाये, होईल दुसरं.’ तिच्या मते तिनं सुनेचं दुःख हलकं केलं होतं. तीन वर्षं झाली, दुसरं काही झालं नाही, आणि शब्दही कुणी काढला नाही. घरानं तिचा नियम असा काही पाळला, की आज तिच्याच जिभेला तो पाळावा लागला. सरकारसाठी विचारून विचारून जिचे केस पांढरे झाले, ती स्वतःच्या नातीला दोनदा नाही म्हणाली.

एवढ्यात राधिका म्हणाली, ‘माताजी, अब दीदी से अकेले में बात करनी है. आप ज़रा बाहर बैठेंगी?’ आणि कलावती मुकाट उठली. काय करणार? हीच रीत तिनं शंभर पोरींना शिकवली होती. सासू हजर असली की सून खरं बोलत नाही, म्हणून सासूला आधी काढायचं. एकीनं सासूला मीठ दाखवायला न्यायचं, दुसरीनं सुनेशी बोलायचं. तरीही सासू परत येतेच. तेल विसरलं म्हणते, चष्मा विसरला म्हणते, तेव्हा तिला उंबऱ्यावरूनच परतवायचं. हे सांगताना कलावती सासूची अशी नक्कल करायची की पोरी पोट धरून हसत.

आता ओट्यावर बसून ती मिनिटं मोजत होती. हा हिशेब तिच्याएवढा कुणाला येत नसेल. एकही मूल झालं नाही असं बाईनं सांगितलं, की मुलांच्या प्रश्नांचं सगळं रान टॅब ओलांडून जातो आणि अर्ध्या तासात बाई मोकळी होते. झालं होतं म्हणाली, तर तास, दीड तास. म्हणजे राधिका पावणेअकराला बाहेर आली तर समजायचं, अपर्णानं सासूच्या ‘नाही’वर आपलं ‘नाही’ ठेवलं. मग ती मुलगी कुठंच उरणार नव्हती. घरात तर नव्हतीच, आता देशाच्या मोजदादीतही नाही. आणि पावणेअकरा उलटले तर? तर सून आत बसून सांगत होती की बाहेर बसलेली म्हातारी खोटं बोलली. इकडं आड आणि तिकडं विहीर, आणि कलावती दोन्हींच्या मध्ये येरझारा घालत होती.

‘काहून वो, घरात नवरदेव पाहाले आले का?’ सत्यभामानं समोरच्या दारातून विचारलं. ‘अशी काहून फिरून राहिली?’

‘सर्वेवाली आली.’

‘मग तू बाहेर? तुले तं आत बसून तिले शिकवाले पायजे.’

सत्यभामाची नात तीन वर्षांची झाली होती, अंगणात भोवऱ्याशी खेळत होती. कलावती दुसरीकडे बघायला लागली.

दहा पस्तीस. दहा सदतीस. तिला वाटलं, आत जावं आणि म्हणावं, पोरी, माझं चुकलं, खोड ते. पण मधे बोललं की सूनबाई गप्प होईल, ते तर सगळ्यात वाईट. दहा चाळीसला तिच्यानं राहवलं नाही. ती उठली, दार ढकललं आणि म्हणाली, ‘माझा चष्मा राहिला.’

अपर्णा पलंगावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, आणि वाक्य अर्ध्यावर तुटल्यासारखं तोंड उघडं. राधिकानं टॅब छातीशी धरला. ‘माताजी,’ ती हलकेच म्हणाली, ‘चश्मा आपने पहना हुआ है.’

कलावतीनं हात वर नेला. चष्मा होता. एवढी लाज तिला पहिल्या फेरीत कुणीतरी कुत्रं अंगावर सोडलं होतं तेव्हाही वाटली नव्हती. ती बाहेर आली आणि दार तिच्या पाठीमागं पुन्हा लागलं, या वेळी कडीसकट.

पावणेअकरा झाले. कुणी आलं नाही. अकरा झाले. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. आता आत कुठला प्रश्न चालला असेल ते तिला पाठ होतं. मुलगा का मुलगी, कुठल्या महिन्यात, जिवंत आहे का, किती दिवसांची असताना गेली. आणि त्या सगळ्यांच्या आधी, अगदी पहिला: बाळाचं नाव काय ठेवलं होतं?

तिथं कलावतीचं पाऊल थांबलं.

फॉर्म कागदाचा असल्यापासून तो प्रश्न होता. पहिल्या पहिल्या दिवसांत ती तो जसा छापला होता तसा विचारायची. मेलेल्या लेकराचं नाव विचारलं की बाई रडायची, नाव सांगायची, मग तेवढ्यावर थांबायची नाही. कसा दिसायचा, कुणाच्या वळणावर गेला होता, शेवटचं दूध कधी प्याला. कागद ओला व्हायचा, बस निघून जायची, सुपरवायझर ओरडायचा. मग कलावतीनं प्रश्नाला जरा वळण दिलं. ‘नाव नव्हतं ना ठेवलं?’ असं ती विचारू लागली, आणि विचारतानाच मान हलवू लागली. समोरची बाईही मान हलवायची. बेबी, असं लिहिलं की काम पुढं. पंचवीस वर्षांत किती बेबी लिहिल्या असतील? लेकरं तिनं मागं ढकलली नाहीत, हे खरं. नावं मात्र तिनं पुसली, आणि तेही उत्तर बायांच्याच तोंडून काढून घेऊन. बीरगावातल्याच एका बाईनं मान हलवायच्या आधी तोंड उघडलं होतं आणि मग मिटलं होतं. ते मिटलेलं तोंड कलावतीला आज लख्ख आठवलं आणि ती ओट्यावर बसली.

आपल्याही घरी तिनं तेच केलं होतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं. बाराव्याच्या आत गेली म्हणजे नाव नाही, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

बारा वाजायला दहा मिनिटं असताना कडी निघाली. राधिका बाहेर आली. डोळे तिचेही लालसर होते, पण आवाज नीट होता. ती कलावतीच्या शेजारी ओट्यावर बसली आणि म्हणाली, ‘माताजी, घरवाले फॉर्म में एक सवाल मुझसे ठीक से नहीं पूछा गया. ग़लती मेरी है. एक बार फिर पूछ लूँ?’

ही युक्ती कलावतीला ओळखू आली. दोन उत्तरं जुळत नसली की कुणी सांगितलं ते उघड करायचं नाही. चूक आपल्या अंगावर घ्यायची आणि प्रश्न नव्यानं विचारायचा. तिनंच शिकवलं होतं हे, त्या हॉलमधल्या शेवटच्या दोन तासांत. मागच्या बाकावर बसून भराभर लिहून घेणारी एक पोट्टी होती खरी.

‘विचार,’ ती म्हणाली.

राधिकानं सगळा प्रश्न पहिल्यापासून वाचला. सावकाश वाचला. दोन हजार वीसच्या जानेवारीपासून या घरात कुणाचा मृत्यू झाला आहे का?

‘हव,’ कलावती म्हणाली. ‘झाला.’

अपर्णा दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली होती. कलावतीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं बोलणं जमलं नसतं.

‘पुरुष या महिला?’

‘मुलगी.’

‘उम्र?’

‘दिवसात लिही. महिन्याच्या आतली असली की दिवसात लिहितात.’ तिनं टॅबकडे बोट दाखवलं. ‘नऊ दिवस.’

‘नाम?’

कलावतीनं खूप शोधलं. शोधण्यासारखं काही नव्हतं तरी शोधलं. शेवटी सवयीचंच तोंडात आलं. ‘नाव नव्हतं ठेवलं. बेबी लिही.’

‘नाव हाये,’ अपर्णा म्हणाली.

लग्न होऊन आल्यापासून ही सून सासूशी हिंदीत बोलायची. मराठी समजायची तिला सगळी, पण उत्तर हिंदीतच. कलावतीनं मान वर केली.

‘यशोधरा,’ अपर्णा म्हणाली. ‘दवाखान्यातच ठेवलं आमी. तिसऱ्या दिवशी. यांनी काचेपाशी तोंड नेऊन सांगितलं तिले.’

म्हणजे यशदीपलाही ठाऊक होतं. तीन वर्षं तो पोट्टा आईच्या हातचं जेवला आणि बोलला नाही. कलावतीनं विचारलं, ‘मंग मले काहून नाही सांगितलं?’

अपर्णाच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘तुमी इचारलंच नाही.’

गल्लीत कुणाची तरी स्कूटर गेली. राधिका टॅबवर एकेक अक्षर घालत होती. तिचा अंगठा झरझर चालत होता. तिनं ते पक्कं करायच्या आधी कलावतीनं तिच्या मनगटावर हात ठेवला. लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि घरच्यांकडून बरोबर म्हणवून घ्यायचं, ही फार जुनी रीत. कागदाच्या वेळेपासूनची.

‘वाचून दाखव,’ ती म्हणाली, आणि सरकून तिनं ओट्यावर सुनेला जागा केली. अपर्णा क्षणभर उभीच राहिली, मग येऊन बसली.

राधिकानं वाचलं. यशोधरा यशदीप रामटेके. मुलगी. नऊ दिवस.

‘सही है?’ तिनं विचारलं.

कलावतीनं चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, चष्मा पुन्हा घातला.

‘आणखी एकदा वाच,’ ती म्हणाली.